आधी चेंडू उडव, ड्रॅगन नंतर

परभणीत बसून व्हीएफएक्स, म्हणजे सिनेमातली संगणकावर केलेली दृश्यं, शिकता येतं का, विचारलंस. येतं की! फक्त महागड्या ग्राफिक्स कार्डासाठी घरच्यांना कर्जात घालू नकोस. थ्रीडी बनवायचं ब्लेंडर फुकट आहे, डाविंची रिझॉल्व्ह या एडिटिंगच्या सॉफ्टवेअरच्या फुकट आवृत्तीत वेगवेगळी दृश्यं एका शॉटमध्ये मिसळायचं फ्यूजनही येतं. सुरुवातीला रग्गड झालं.

नव्या पोरांची पहिली चूक ठरलेली: आल्या आल्या स्फोट नाहीतर ड्रॅगन. त्यापेक्षा ब्लेंडरमध्ये टप्पे खाणारा चेंडू उडव. सिनेमात सेकंदाला 24 फ्रेम, म्हणजे स्थिर चित्रं, असतात. वर टोकाला चेंडू मंदावतो, म्हणून तिथं दोन फ्रेममधलं चेंडूचं अंतर कमी, जमिनीजवळ जास्त. रबरी चेंडू आणि लोखंडी गोळा एकाच आकाराचे, एकाच रंगाचे कर. नुसत्या हालचालीवरून घरच्यांना फरक कळला पाहिजे. तोवर पुढं जाऊ नकोस.

मग मोबाईल स्टँडवर ठेवून गल्लीतला शॉट घे आणि त्यात थ्रीडीतला एक डबा बसव. तो खोटा दिसेलच. तेव्हा हे तपास:

- सावली. मे महिन्यातल्या दुपारी तिची कड धारदार असते, आभाळ आलं की मऊ.
- डब्यातला काळा रंग शॉटमधल्या सगळ्यात गडद भागापेक्षा गडद झालाय का?

रोटो, म्हणजे शॉटमधल्या माणसाची किंवा वस्तूची कड फ्रेमागणिक आखून ती वेगळी काढणं, कंटाळवाणं आहे, खरंय. पण नवख्याला पहिलं काम बऱ्याचदा तिथंच मिळतं. सिम्युलेशनचं, म्हणजे आग, धूर, पाणी संगणकाकडून हलवून घेण्याचं, नाव सध्या काढू नको. लाईट कधीही जाते, म्हणून सारखं सेव्ह कर, दर वेळी नव्या नावानं.

शोरील, म्हणजे काम मागताना दाखवायचा आपल्या निवडक शॉटचा व्हिडिओ, मिनिटभराचीच ठेव. ट्यूटोरियलमधला शॉट जसाच्या तसा त्यात घालू नकोस; निवडणारे तो लगेच ओळखतात.