रिसॉर्टच्या महागड्या गोल्फ कोर्सवर एक राउंड: तुमचे प्रश्न, माझी उत्तरं

सुट्ट्या जवळ आल्या की माझ्याकडे एकाच चालीचे प्रश्न यायला लागतात. रिसॉर्टचं बुकिंग झालंय, एका राउंडची ग्रीन फी, म्हणजे कोर्सवर खेळायची फी, बघून पोटात गोळा आलाय, पण खेळायचं तर आहेच, मग पैसे वसूल कसे करायचे? त्यातले काही प्रश्न आज घेतोय. आधीच सांगून ठेवतो, 'पैसे वसूल' या शब्दावर माझा जुना राग आहे, तो मधेमधे बाहेर येईल.

माझा हँडिकॅप इंडेक्स २२ आहे, म्हणजे मध्यम कोर्सवर ठरलेल्या फटक्यांपेक्षा (पारपेक्षा) चांगल्या दिवशी साधारण बावीस जास्त लागतात. एवढे पैसे भरलेत तर अख्खा कोर्स, म्हणजे एकदम मागच्या टीवरून (होलचा पहिला फटका जिथून मारतात ती जागा), प्रो लोक खेळतात तसा खेळावा असं वाटतंय. चूक आहे का?

हौस आहे, चूक कशाला म्हणू, पण दुसऱ्या-तिसऱ्या होललाच फिटेल ती. असे कोर्स मागच्या टीवरून सात हजार यार्डांच्या आसपास किंवा पुढेच असतात. आता तुमचा ड्रायव्हर, म्हणजे सगळ्यात लांब मारणारा क्लब (काठी), जातो किती ते खरं सांगा, म्हणजे नेहमी जातो तेवढा, एकदा उतारावर वारा पाठीशी असताना गेला होता तो नाही. समजा २०० यार्ड. मग ४५० यार्डांच्या पार ४ वर (चार फटक्यांत संपवायचं होल) ड्रायव्हर, त्यानंतर फेअरवे वूड (दुसरा लांबचा क्लब), तो लागला तर वेज (जवळच्या अंतराचा), आणि हेच दिवसभर. ग्रीन, म्हणजे खड्ड्याभोवतीचं बारीक कापलेलं गवत, त्याच्या पुढे डिझायनरने जो वाळूचा खोल बंकर खणलाय तो ७-आयर्न (मधल्या अंतराचा क्लब) हातात घेऊन उभ्या असलेल्या माणसाला कोड्यात टाकायला खणलाय, तुम्ही त्या जागेवरून दुसरा शॉट कधी मारणारच नाही, म्हणजे पैसे भरून कोर्स कमीच बघितला की!

यूएसजीए आणि पीजीए ऑफ अमेरिका या अमेरिकेतल्या गोल्फ संघटनांनी २०११ मध्ये 'टी इट फॉरवर्ड' म्हणून मोहीम काढली होती, त्यातला हिशोब सोपा आहे: ड्रायव्हर २०० यार्ड जात असेल तर ५,२०० ते ५,४०० यार्डांचा कोर्स खेळा, २५० जात असेल तर ६,२०० ते ६,४००. दुसरी युक्ती म्हणजे ५-आयर्नच्या अंतराला ३६ ने गुणायचं. १५० यार्ड जातो? ५,४००. दोन्हीकडून उत्तर तेच येतं बघा.

आणि स्कोअरकार्डवर स्लोप रेटिंग, म्हणजे साध्या खेळाडूला त्या टीवरून कोर्स किती अवघड जाईल त्याचा आकडा, लिहिलेलं असतं ते टी निवडण्याआधी वाचा, नंतर नाही. हा आकडा ५५ ते १५५ मध्ये असतो आणि ११३ म्हणजे मध्यम. मागच्या टीचा स्लोप १४२ असला तर तुमचे २२ गुणिले १४२ भागिले ११३, म्हणजे जवळजवळ २८ स्ट्रोक (फटके) होतात (वर कोर्स रेटिंग, म्हणजे शून्य हँडिकॅपवाल्याचा अपेक्षित स्कोअर, आणि पार यांच्यातला फरक मिळवायचा). आता कोर्स स्वतःच म्हणतोय की इथे सहा स्ट्रोक जास्त लागतील तुम्हाला, तर ऐकावं ना त्याचं.

फ्लोरिडातल्या टीपीसी सॉग्रासचं सतरावं होल सगळ्यांना माहीत असतं, पाण्यात बेटासारखं ग्रीन. ते मागच्या टीवरूनसुद्धा १३७ यार्डच आहे. मुळात तिथे बेट करायचं ठरलेलंच नव्हतं, बाकी कोर्सच्या भरावासाठी त्या जागेची वाळू उपसत गेले, मोठा खड्डा झाला, तेव्हा डिझायनर पीट डाय यांच्या पत्नी अ‍ॅलिस डाय यांनी सुचवलं की भोवती पाणीच करून टाका. लोक ते होल खेळायला जगभरातून येतात आणि भीती लांबीची कुणालाच नसते. कोर्सची मजा यार्डात मोजत नाहीत हो.

एक शेवटचं. हँडिकॅपसाठी एका होलवर जास्तीत जास्त नेट डबल बोगी धरतात, म्हणजे पार अधिक दोन अधिक त्या होलवर तुम्हाला हँडिकॅपमुळे मिळणारे स्ट्रोक. पार ४ वर एक स्ट्रोक मिळत असेल तर सात. साताच्या पुढे गेलात की चेंडू उचला, खिशात घाला आणि आजूबाजूला बघा जरा.

तिथे कॅडी (बॅग उचलणारा, सल्ला देणारा मदतनीस) घ्यावाच लागतो म्हणे. मी आयुष्यात कॅडी घेतलेला नाही, सारखं कुणीतरी बघतंय म्हणून अवघडायला होईल. त्याच्याशी वागायचं कसं?

कॅडी लोकांनी तुमच्यापेक्षा वाईट स्विंग हजारो बघितलेत, तेव्हा लाज सोडा. माझ्या मते महागड्या कोर्सवर जिथे पैसे खरोखर कारणी लागतात ती जागा म्हणजे हा माणूस, आणि लोक नेमके इथेच काटकसर करायला बघतात.

पहिल्या टीवर हात मिळवून तीन गोष्टी सांगायच्या: ७-आयर्न किती जातो, चेंडू साधारण कुठल्या बाजूला पळतो आणि माहिती किती हवीय. काहींना प्रत्येक पटची (ग्रीनवरच्या हलक्या फटक्याची) लाइन हवी असते, काहींना नुसतं यार्डेज. ७-आयर्न १५० जातो अशी थाप मारलीत तर तो बिचारा तुम्हाला १५० चाच क्लब देणार आणि तुम्ही दिवसभर पुढच्या बंकरमध्ये. मी मारलीय ही थाप. तिसऱ्या होलपर्यंत माझ्या कॅडीने काही न बोलता एक क्लब जास्त द्यायला सुरुवात केली, मी १४० मागितले की हातात १५० चा क्लब, आणि आम्ही दोघांनीही त्यावर अठराव्या होलपर्यंत चकार शब्द काढला नाही.

ग्रीनवर तो बोटाने किंवा पिनच्या (होलमधल्या झेंड्याच्या काठीच्या) टोकाने जागा दाखवेल, "या डागावरून मारा, बाकी उतार बघून घेईल." होलकडे न बघता त्या डागावर मारायचं, बस. तो म्हणाला कप सोडून दोन हात डावीकडे, आणि तुमच्या डोळ्याला अर्धा हातच दिसतोय, तर त्याचं ऐका. नियमाचं एक लक्षात ठेवा, २०१९ पासून तुम्ही स्टान्स घ्यायला (मारायला पाय रोवून उभं राहायला) लागलात की कॅडीने तुमच्या मागे लाइनमध्ये उभं राहायचं नाही, आणि त्याने नियम मोडला तर पेनल्टी तुम्हाला बसते.

टिप बहुतेक ठिकाणी कॅडी फीमध्ये धरलेली नसते आणि रोख द्यायची असते. बुकिंग करतानाच विचारून घ्या, म्हणजे अठराव्या ग्रीनवर चौघं जण पाकिटं चाचपत उभे राहणार नाहीत.

कॅडी असला की चालायची तयारी पण ठेवा. अमेरिकेत ओरेगॉनच्या किनाऱ्यावर बँडन ड्यून्स आहे, १९९९ मध्ये सुरू झालेलं, तिथे पहिल्यापासून चालतच खेळायचं, कार्ट फक्त वैद्यकीय कारणाला. नवे बूट घालून जाऊ नका एवढंच सांगतो.

आमच्या नेहमीच्या कोर्सची ग्रीन्स संथ आहेत. रिसॉर्टवर ग्रीन्स काचेसारखी असतात असं ऐकलंय, तीन-तीन पट होतील का?

होतील. चारही होतील. पण कमी करता येतात.

ग्रीनचा वेग स्टिम्पमीटरने मोजतात, म्हणजे ३६ इंची पट्टी, मूळ कल्पना एडवर्ड स्टिम्पसन यांची, १९३५ ची, त्यात खाच असते, खाचेत चेंडू ठेवून पट्टी हळूहळू उचलायची, चेंडू आपोआप सुटतो आणि किती फूट घरंगळला तो वेग. नऊ म्हणजे ठीकठाक, बारा म्हणजे तुमची झोप उडवणारा. आकडा प्रो शॉपमध्ये (कोर्सवरच्या दुकानात) विचारा, पण त्याहून कामाचं म्हणजे टी टाइमच्या तासभर आधी पोचा आणि त्यातला अर्धा वेळ ड्रायव्हर न बडवता प्रॅक्टिस ग्रीनवर काढा. होलवर पट मारायचे नाहीत. ग्रीनच्या एका काठावरून दुसऱ्या काठापर्यंत मारायचे, चेंडू काठाला थांबला पाहिजे, गवतात जाता कामा नये. दहा-बारा वेळा केलंत की हाताला वेग कळतो, डोक्याला नंतर कळला तरी चालेल.

गरम हवेतल्या कोर्सवर बर्म्युडा गवत असेल तर ग्रेन बघा, म्हणजे गवताची पाती कुठल्या बाजूला झोपलीयत ते. ग्रीन चकाकत दिसलं तर पाती तुमच्यापासून लांब झोपलीयत, पट पळणार. काळपट, गडद दिसलं तर अंगावर आहेत, पट अडणार. नाही कळलं तर होलची कड बघा, ज्या बाजूची कड फाटल्यासारखी, करपल्यासारखी दिसते तिकडे ग्रेन जातोय.

आणि अप्रोच, म्हणजे ग्रीनवर टाकायचा शॉट, नेहमी होलच्या खालच्या अंगाला ठेवा, पिनच्या मागे जायचंच नाही. नॉर्थ कॅरोलायनातल्या पाइनहर्स्ट नंबर २ वर, डोनाल्ड रॉस यांचा १९०७ चा कोर्स, ग्रीन्स उलट्या बशीसारखी आहेत, पिनवर नेम धरलेला चांगला शॉट कडेवरून ओघळून खाली जातो. अशा ठिकाणी ग्रीनच्या मध्यावर मारणारा भित्रा माणूस जिंकतो.

स्वतःचे क्लब्ज न्यावेत की तिथे भाड्याने घ्यावेत?

एकच राउंड असेल तर भाड्याने, दोन-तीन असतील तर स्वतःचे. भाड्याचे घेणार असाल तर शाफ्ट (क्लबचा दांडा) रेग्युलर की स्टिफ आणि डावा-उजवा हात हे आधीच कळवा. बूट, ग्लव्ह आणि चेंडू मात्र घरून न्या, चेंडू प्रो शॉपमधून घेतलेत की हरवताना जास्त दुखतं. बरेच जण आपला लाडका पटर सोबत नेतात, मीही नेतो, पण मग भाड्याच्या सेटमधला पटर काढून ठेवा हो! बॅगेत १४ पेक्षा जास्त क्लब चालत नाहीत, पंधरावा सापडला तर स्ट्रोक प्लेमध्ये (एकूण फटके मोजायच्या खेळात) ज्या ज्या होलवर तो होता तिथे दोन-दोन स्ट्रोक, राउंडमध्ये जास्तीत जास्त चार.

सगळीकडे पाणी आणि झाडी आहे, माझे चेंडू हमखास हरवतात. मागचे लोक चिडतील अशी धास्ती वाटते.

शोधायला तीन मिनिटं मिळतात, पूर्वी पाच होती, २०१९ ला कमी केली. चेंडू हरवेल अशी शंका आली की तिथल्या तिथे प्रोव्हिजनल, म्हणजे राखीव दुसरा चेंडू, मारा. आणि स्टार्टरला (पहिल्या टीवर ग्रुप सोडणाऱ्या माणसाला) विचारा की दोन स्ट्रोक घेऊन फेअरवेच्या कडेला ड्रॉप करायचा लोकल रूल चालू आहे का, असेल तर टीवर परत जायची गरजच नाही. झाडीत कमरेपर्यंत घुसून चेंडू हुडकणारे लोक मला कळत नाहीत, एवढी ग्रीन फी भरल्यावर एका चेंडूसाठी काटे कशाला टोचून घ्यायचे. मागचे चिडतात ते चेंडू हरवला म्हणून नाही, चौघंही जण एकाच चेंडूमागे जातात म्हणून. एकाने शोधावा, ज्याची तयारी झालीय त्याने मारावा.

पाऊस आला तर?

रेन चेक (पावसाने थांबलेल्या राउंडचा परतावा किंवा पुन्हा खेळायची सवलत) मिळतो का आणि कितव्या होलपर्यंत, हे बुकिंगच्या वेळी विचारा, नियम प्रत्येक ठिकाणी वेगळा. ओल्या दिवशी कार्ट पाथवरच ठेवायला लावतात, मग चेंडूकडे जाताना तीन क्लब आणि पटर बरोबर न्या, नाहीतर अर्धा दिवस येरझाऱ्यांत जातो. विजेचा भोंगा वाजला की मात्र तिथेच सोडून निघायचं. "एवढा पट मारून घेतो" नाही, वसुली तर अजिबातच नाही.

पहिल्या टीवर स्टार्टर, कॅडी, पुढचा-मागचा ग्रुप, सगळे बघत असतात. हातपाय कापतात. काय करू?

ड्रायव्हर बॅगेत राहू द्या. हायब्रिड किंवा ५-आयर्न, टी (चेंडूखालची खुंटी) थोडी उंच, आणि अर्ध्या जोरात. बघणाऱ्यांपैकी निम्मे स्वतःच्या शॉटच्या काळजीत असतात, उरलेल्यांना तुमचं नावही माहीत नसतं. माझा अशा कोर्सवरचा पहिलावहिला शॉट चेंडूच्या टाळूला लागला, वीसेक यार्ड सरपटत गेला आणि पुढच्या टी मार्करला आपटून परत आला, जवळजवळ माझ्या पायाशी. सगळीकडे शांतता. स्टार्टरने कार्डवर काहीतरी लिहिलं, चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "सर, अजून तुमचाच नंबर आहे."