बालसंगोपनसाठी 'नवऱ्याने सोडलं' असं खोटं लिहून दिलं तर काय होतं?

ताई, तुम्ही लिहिलंय की मिस्टरांवर कॅन्सरचे उपचार चालू आहेत, रिक्षा बंद आहे, दोन मुलं शाळेत आहेत आणि हडपसरचा एक एजंट म्हणतोय, 'नवऱ्याने सोडलं असं प्रतिज्ञापत्र करा, पैसे सुरू करून देतो.'

ते प्रतिज्ञापत्र अजिबात करू नका. मुळात त्याची गरजच नाही. बालसंगोपन ही अडचणीतल्या घरातल्या मुलांसाठी दर महिन्याला पैसे देणारी सरकारी योजना. ती फक्त विधवा आणि परित्यक्तांच्या मुलांसाठी आहे असा समज आहे, पण आई किंवा वडिलांना दुर्धर आजार असेल तरी अर्ज करता येतो. खरं सांगून जे मागता येतं त्यासाठी खोटं का बोलायचं?

मी वस्तीतल्या बायकांचे हे अर्ज भरून देते. खोटं कुठे उघडं पडतं ते सांगते. अर्ज दिला की गृहचौकशी होते, मग बालकल्याण समितीपुढे मुलांना घेऊन जावं लागतं. चौकशीला आलेली बाई उंबऱ्यातल्या पुरुषी चपला बघते, शेजारी विचारते. रेशनकार्डात नवऱ्याचं नाव असतं, शाळेच्या प्रगतिपुस्तकावर त्याची परवाची सही असते. आणि समितीने लेकराला 'बाबा कुठे असतात?' असं विचारलं तर त्याने काय सांगायचं? मला सगळ्यात जास्त राग याचाच येतो.

शिक्षेचं विचारलंत. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. फसवून पैसे मिळवले तर कलम ३१८(४) खाली सात वर्षांपर्यंत कैद आणि दंड. फसवणुकीसाठी बनावट दाखला केला तर कलम ३३६(३), तिथेही सात वर्षांपर्यंत. दाखला दुसऱ्याने बनवलेला असला आणि तो खोटा आहे हे माहीत असून तुम्ही जोडलात, तरी शिक्षा तीच. खोट्या प्रतिज्ञापत्राचा गुन्हा वेगळा. घेतलेल्या पैशांची वसुली होते ती निराळीच. मुलामागे महिन्याला २,२५० म्हणजे दोघांचे वर्षाला ५४,००० रुपये, आणि ते तोवर औषधात गेलेले असतात. सही तुमची, खातं तुमचं. एजंटाचं नाव त्या फाइलीत कुठेच नसतं.

अर्ज थेट जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्यांच्या कार्यालयात द्या, त्याला पैसे पडत नाहीत. मिस्टरांचे हॉस्पिटलचे कागद, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, मुलांचे बोनाफाइड, सगळ्यांचे आधार, रेशनकार्ड आणि बँक पासबुक एवढं आधी गोळा करा; बाकी काय लागेल ते तिथे सांगतील. कोणी अडवलं तर पुण्यात शिवाजीनगर कोर्टात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. बाईमाणसाला तिथे उत्पन्न न बघता वकील फुकट मिळतो. पुढे मूल वसतिगृहात गेलं किंवा घरची परिस्थिती बदलली तर लगेच लेखी कळवा आणि पोच घ्या. बरीच प्रकरणं न कळवल्यामुळेच अंगावर येतात.

एजंटाकडे मूळ कागद दिले असतील तर आजच परत आणा. कोऱ्या कागदावर सही दिली असेल तर तो कागद सगळ्यात आधी मागा.