आईच्या मेंदूत ‘मायकोटिक अॅन्युरिझम’ निघालाय. ऑपरेशन न करता सहा आठवडे इंजेक्शनंच का? डॉक्टर वेळ काढताहेत का?

नाही, वेळ काढत नाहीयेत. मी डॉक्टर नाही, पण इथे ठाण्यात माझ्या धाकट्या भावाचं हेच दुखणं मी जवळून पाहिलंय.

अॅन्युरिझम म्हणजे धमनीच्या कमजोर भिंतीला आलेला फुगा. ‘मायकोटिक’ म्हणजे बुरशीचा, म्हणून मलाही आधी बुरशीच वाटली होती. हे नाव विल्यम ऑस्लर यांनी १८८५ साली दिलं आणि चिकटलं ते चिकटलंच. कारण मात्र बहुतेक वेळा बॅक्टेरिया असतात. हृदयाच्या झडपेवर जंतू घर करतात, तिथला कण सुटून मेंदूतल्या बारीक फांदीत जाऊन अडकतो आणि धमनीची भिंत आतून कुजवतो. नेहमीचा फुगा मोठ्या धमनीच्या फाट्यावर येतो, त्याला बहुधा मान (अरुंद बूड) असते, तिथे ऑपरेशननं चिमट्यासारखी क्लिप बसते. याला बहुतेकदा मानच नसते आणि भिंत भिजलेल्या पापडासारखी. क्लिप लावणार कुठे? म्हणून आधी अँटिबायोटिक इंजेक्शनांनी जंतू मारायचे.

भावाची झडप लहानपणापासून खराब. तीन आठवडे ताप, नाक्यावरच्या दवाखान्यातून अँटिबायोटिक गोळ्या, ताप उतरायचा, परत चढायचा. गोळ्यांच्या आधी ब्लड कल्चर (रक्तातले जंतू वाढवून ओळखायची तपासणी) कुणीच केलं नाही, आणि केलं तेव्हा जंतू उगवलेच नाहीत. मग औषध अंदाजानं द्यावं लागलं. तुमच्या आईंच्या कल्चरमध्ये काय उगवलं, ते आजच विचारा.

जांघेतून नळी घालून डीएसए (औषध सोडून मेंदूच्या धमन्यांचे एक्स-रे काढायची तपासणी) केली, तेव्हा डॉक्टरांनी मला स्क्रीन दाखवली. पानं झडलेलं झाड, आणि एका टोकाच्या काटकीवर तुरीच्या दाण्याएवढा काळा ठिपका. इंजेक्शनांनी हातांच्या शिरा संपल्या, दंडात पिक लाइन (बरेच दिवस ठेवता येणारी बारीक नळी) टाकावी लागली. सहा आठवड्यांनी पुन्हा डीएसए: ठिपका मोहरीएवढा. ही दुसरी तपासणी टाळू नका. कधी फुगा वाढतो, कधी दुसरीकडे नवा येतो. वाढला किंवा फुटला, तर नळीतूनच ग्लू किंवा कॉइलनं (बारीक तारेच्या वेटोळ्यानं) ती फांदी बंद करतात, क्वचित कवटी उघडतात.

आई रक्त पातळ करायची गोळी घेतात का? अॅसिट्रॉम वगैरे? असेल तर न्यूरोच्या डॉक्टरांना आजच सांगा. स्वतःहून मात्र बंद करू नका. झडपेचं ऑपरेशन ठरलं असेल तर हृदयाचे आणि मेंदूचे सर्जन आधी आपसात बोलू देत, कारण त्यात रक्त पातळ करणारं हेपरिन द्यावंच लागतं.

आणि एकदम डोकं फुटल्यासारखं दुखलं, उलटी झाली, तर फॅमिली डॉक्टरकडे थांबू नका. रात्र असली तरी सीटी स्कॅन असलेलं मोठं हॉस्पिटल गाठा.