इंग्रज निबंधकार चार्ल्स लॅमची पत्रं वाचायची आहेत, सुरुवात कुठून करू?

त्याचा मित्र थॉमस मॅनिंगला लिहिलेल्या पत्रांपासून करा. कोलरिज आणि वर्ड्सवर्थ या कवींना लिहिलेली जास्त गाजली, पण लॅमचा खट्याळपणा इथे खुलतो. मॅनिंग गणितातला माणूस, चिनी भाषेच्या नादाने चीनमधल्या कँटन बंदराला गेलेला. १८११ मध्ये तर त्याने तिबेटमधलं ल्हासा गाठलं. लॅम मात्र १७९२ ते १८२५ लंडनमध्ये ईस्ट इंडिया कंपनीत कारकुनी करत बसलेला.

२५ डिसेंबर १८१५ चं पत्र आधी काढा. त्यात तो मॅनिंगला बिनदिक्कत थापा मारतो: तू यायला फार उशीर केलास, सेंट पॉल्स चर्च ढासळलं, कोलरिज गेला, मेरीही (लॅमची बहीण) कधीच गेली, तू पाठवलेल्या रेशमी कपड्यातच तिला पुरलं! पत्र पोचायला महिनोन् महिने लागायचे, त्यावरची ही सगळी चेष्टा. दुसऱ्याच दिवशी त्याने सेंट हेलेना या अटलांटिकमधल्या बेटाच्या पत्त्यावर खुलासा धाडला. मेरी जिवंत आहे, आणि ते रेशीम तिने तू आल्यावर घालायच्या नव्या झग्यासाठी राखून ठेवलंय.

दोन्ही पत्रं लागोपाठच वाचा. निबंध नंतर वाचले तरी चालतील.