विद्यापीठ सोडण्यापूर्वी संशोधन प्रयोगशाळा सुरक्षितपणे कशी रिकामी करावी?

आपण विचारले आहे की, प्रबंध सादर झाला असून पुढील महिन्यात विद्यापीठ सोडायचे आहे, तर उरलेल्या रसायनांचे काय करावे आणि ना-देय प्रमाणपत्रासाठी काय दाखवावे लागते. मी यवतमाळ जिल्ह्यातील तालुक्याच्या गावी एका महाविद्यालयात प्रयोगशाळा सहायक आहे, म्हणजे आपल्यासारखे लोक गेल्यावर खोलीची किल्ली ज्याच्या हाती येते तो मनुष्य. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे: डेडस्टॉक रजिस्टर, म्हणजे टिकाऊ वस्तूंची नोंदवही, जुळले की प्रमाणपत्र मिळते, आणि नेमकी तीच अडचण आहे. त्या रजिस्टरमध्ये तराजू, सूक्ष्मदर्शक आणि मोडक्या खुर्च्याही असतात. रसायने मात्र उपभोग्य वस्तू म्हणून केव्हाच 'खपली' अशी दाखवलेली असतात आणि संशोधकाने स्वतः केलेली मिश्रणे तर कोणत्याच वहीत नसतात.

आमच्या प्राणिशास्त्र विभागात एक विद्यार्थी गुलाबी बोंडअळीवर काम करीत होता. मुलगा हुशार होता. मौखिकी आटोपली, नोकरी लागली, शाल-श्रीफळ घेतले आणि गेला. भांडारात मागे राहिल्या त्या 'द्रावण ब', 'जुने', 'हात लावू नये' अशा चिठ्ठ्यांच्या बाटल्या. उन्हाळी सुट्टीत विभागप्रमुखांना ती खोली उत्तरपत्रिकांचे गठ्ठे ठेवायला हवी झाली. खालच्या फळीवर, ऊती टिकवण्यासाठी लागणाऱ्या बॉइन्स फ्लुइड या द्रावणाकरिता आणलेली पिक्रिक आम्लाची बाटली होती. हे आम्ल पाण्याने ओले ठेवूनच विकतात, कारण कोरडे झाले की घर्षणाने किंवा धक्क्याने त्याचा स्फोट होऊ शकतो. बाटलीतली ओल पार उडाली होती आणि झाकणाच्या आट्यांवर खडीसाखरेसारखे पिवळे खडे चढले होते. अशा बाटलीचे झाकण फिरवणे हेच घर्षण. सर परिचराला म्हणाले, "पान्हा लाव अन् उघड, बेसिनमध्ये ओत, पाणी सोड." मी परिचराला बाहेर काढले, खोलीला कुलूप लावले आणि प्राचार्यांना जावक क्रमांक टाकून पत्र दिले. सर म्हणाले, "तुम्ही बी.एस्सी., मी डॉक्टरेट." अखेर जिल्ह्याच्या ठिकाणाहून बॉम्बनाशक पथक आले, कुंपणाबाहेर अर्धे गाव जमले, आणि सरांनी लोकांना सांगितले की हा पथकाचा नियमित सराव आहे. राईचा पर्वत केला, हे त्यांचे मत आजही कायम आहे.

बेसिन सुचवणाऱ्यांनी एकदा त्या बेसिनची नळी कुठे जाते ते पाहावे. आमची शोषखड्ड्यात जाते, आणि शोषखड्ड्यापलीकडे विहीर आहे, जिच्यावर शेजारच्या शेतातली जनावरे पाणी पितात. सोडियम अझाइड असेल तर धातूच्या नळीतच तांब्याचे किंवा शिशाचे स्फोटक क्षार तयार होऊ शकतात. आणि बंद खोलीत रसायने सुरक्षित राहतात, असे म्हणणाऱ्याने विदर्भाचा मे महिना पाहिलेला नाही: इथरचा उत्कलनबिंदू सुमारे ३५ अंश सेल्सिअस, आणि आमच्याकडे पारा ४५ वर जातो. त्यातच इथर आणि टीएचएफ (टेट्राहायड्रोफ्युरान हे द्रावक) हवेच्या संपर्कात स्फोटक पेरॉक्साइडे बनवतात, म्हणून बाटली उघडल्याची तारीख चिठ्ठीवर नसेल तर ती बाटली मी संशयितच मानतो.

हा खेड्यातल्या महाविद्यालयांचाच दोष आहे असे म्हणाल, तर २०१० मधील दिल्लीच्या मायापुरीचे प्रकरण आठवावे. दिल्ली विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागात वर्षानुवर्षे पडून असलेले गॅमा किरणांचे उपकरण लिलावात भंगारात गेले, आतला किरणोत्सारी कोबाल्ट-६० भंगार बाजारात उघडा पडला आणि एक कामगार दगावला. कागदावर तेही एक जुने यंत्रच होते.

तेव्हा आपण असे करावे. सही मागण्याआधी सहायकाला सोबत घेऊन फळीन् फळी, फ्रीज आणि धूरकपाट (फ्यूम हूड) तपासावे, आणि सांकेतिक अक्षरांऐवजी प्रत्येक बाटलीवर पूर्ण नाव, अंदाजे प्रमाण व धोका लिहावा. 'द्रावण ब' म्हणजे काय, हे जगात फक्त आपल्याला ठाऊक आहे. न उघडलेल्या बाटल्या दुसऱ्या संशोधकाला लेखी हस्तांतरित कराव्यात. टाकाऊ द्रव एकत्र ओतू नयेत, विशेषतः नायट्रिक आम्लात अल्कोहोल किंवा ॲसिटोन कदापि नको. उरलेला घातक कचरा २०१६ च्या नियमांनुसार अधिकृत केंद्राकडेच जायला हवा. विदर्भासाठी असे केंद्र नागपूरजवळ बुटीबोरीला आहे. तिथे संस्थेच्या नावाने कागदपत्रे लागतात आणि त्यात वेळ जातो, म्हणून एक महिना अपुरा पडेल असे धरूनच आजच प्राचार्यांना पत्र द्यावे.

हे मी मुख्यतः रसायनांपुरते लिहिले आहे. जिवाणूंच्या संवर्धनांना जैववैद्यकीय कचऱ्याचे वेगळे नियम आहेत, वायूचे सिलिंडर पुरवठादाराने परत न्यायचे असतात, आणि किरणोत्सारी स्रोत असेल तर अणुऊर्जा नियामक मंडळाच्या परवानगीशिवाय तो जागचा हलवूही नये. झाकणावर खडे दिसलेच तर हात लावू नये, खोली बंद करून लेखी कळवावे. आणि विभागप्रमुखांनी पदवी विचारली तर पत्राची पोच मागावी.