‘द हॉर्स सोल्जर्स’ हा जॉन वेनचा घोडदळाचा जुना चित्रपट खऱ्या मोहिमेवर आहे का? त्यातलं खरं किती?

तुम्ही प्रश्नाखाली लिहिलंय की बाकी सगळं पटलं, पण शेवटी तो डॉक्टर जखमी सैनिकांसाठी मागे थांबतो आणि आपणहून शत्रूच्या हाती सापडतो, ते ‘जरा जास्तच फिल्मी’ वाटलं.

खरं तर तेच घडलेलं आहे. आणि तुम्हाला पटलेल्या बऱ्याच गोष्टी लेखकांनी रचलेल्या आहेत.

मी हा चित्रपट पहिल्यांदा पाहिला तो मामाच्या व्हिडिओ लायब्ररीत, साताऱ्याला. मामाकडे इंग्रजी कॅसेटचे दोनच कप्पे होते, ‘घोड्यांचे’ आणि ‘बाकीचे’. हा अर्थातच घोड्यांचा. त्या वयात मला फक्त टेकडीच्या कडेने जाणारी घोडेस्वारांची रांग आणि ते पाठीवर थाप मारल्यासारखं गाणं लक्षात राहिलं. बऱ्याच वर्षांनी मूळ मोहिमेबद्दल वाचलं आणि चित्रपट परत लावला, तेव्हा तो वेगळाच दिसायला लागला.

चित्रपट १९५९चा, दिग्दर्शक जॉन फोर्ड. हॅरॉल्ड सिंक्लेअर यांच्या कादंबरीवर तो बेतलाय, आणि कादंबरी बेतलीय ती अमेरिकन यादवी युद्धातल्या एका प्रत्यक्ष स्वारीवर. १८६३च्या वसंतात उत्तरेच्या जनरल ग्रँटला मिसिसिपी नदीवरचं, दक्षिणेच्या ताब्यातलं व्हिक्सबर्ग घ्यायचं होतं. नदी ओलांडायची तर पलीकडच्या दक्षिणी सेनापती पेंबर्टनचं लक्ष दुसरीकडे वळवायला हवं. म्हणून १७ एप्रिलला टेनेसीतल्या ला ग्रेंजहून १,७०० स्वार निघाले, इलिनॉयच्या दोन रेजिमेंट आणि आयोवाची एक. शत्रूचा अख्खा मुलूख उभा चिरत, सोळा दिवसांत सुमारे ६०० मैल तुडवून, ते २ मेला लुइझियानातल्या बॅटन रूजला आपल्या लोकांत पोचले. आले त्या वाटेने परत जायचं नाही, पुढेच निसटायचं, ही चित्रपटातली कल्पना मूळचीच.

या स्वारीचा सेनापती कर्नल बेंजामिन ग्रीअर्सन. चित्रपटात त्याचा कर्नल मार्लो झालाय, म्हणजे जॉन वेन. युद्धाआधी रेल्वे बांधणारा, आडदांड, डॉक्टरांचं नाव काढलं तरी भडकणारा. खरा ग्रीअर्सन कोण होता सांगू? इलिनॉयमधल्या जॅक्सनव्हिलचा संगीतशिक्षक. गावात बँड चालवायचा, मुलांना वाद्यं शिकवायचा. आणि लहानपणी घोड्याने तोंडावर लाथ मारल्यामुळे त्याला घोडे मुळीच आवडत नसत. लाथ अशी बसली होती की काही आठवडे त्याला दिसत नव्हतं, गालावरचा व्रण जन्मभर राहिला. असा माणूस घोडदळात गेला आणि त्या युद्धातल्या सर्वांत गाजलेल्या स्वाऱ्यांपैकी एकीचा नायक ठरला. पटकथेत असं पात्र लिहिलं असतं तर निर्मात्याने पहिल्या बैठकीतच कागद परत केला असता, ‘असं कुठे असतं का?’ म्हणून.

रेल्वे बांधणाऱ्यालाच रेल्वे उखडायला लावणं ही लेखकांची कल्पना मला आवडते, कारण त्यामुळे न्यूटन स्टेशनवर रूळ उखडण्याच्या प्रसंगाला एक कळ येते. पण ती रचलेली आहे. बायकोच्या पोटात नसलेली गाठ काढायला डॉक्टरांनी तिला कापलं आणि ती गेली, हा मार्लोचा जुना घावही रचलेला. वेन आणि डॉक्टर झालेला विल्यम होल्डन यांना दोन तास भांडत ठेवायला काहीतरी कारण हवं होतंच. कॉन्स्टन्स टॉवर्सची हॅना हंटर, जी अधिकाऱ्यांना जेवायला बसवते आणि शेगडीच्या धुराड्याला कान लावून त्यांचा बेत ऐकते, तीही कल्पनेतलीच. बेत कळला म्हणून तिला बरोबर न्यावं लागतं आणि मग व्हायचं तेच होतं. हा धागा मला आज कंटाळवाणा वाटतो. वेनला प्रेम करताना पाहणं म्हणजे पैलवानाला मेंदी काढताना पाहण्यासारखं आहे.

आता घोडदळाबद्दल थोडं, कारण तिथे आपल्याकडचे दोन शब्द फार उपयोगी पडतात. मराठ्यांच्या फौजेतला शिलेदार आणि बारगीर यांतला फरक तुम्हाला माहीत असेल. शिलेदाराचा घोडा स्वतःचा, बारगिराचा सरकारी. अमेरिकेच्या त्या युद्धात दक्षिणेचे स्वार शिलेदार होते आणि उत्तरेचे बारगीर. दक्षिणेच्या स्वाराला घरचा घोडा घेऊन यावं लागे आणि त्याबद्दल दिवसाला ४० सेंट मिळत. घोडा लढाईत पडला तर भरपाई, पण आजाराने किंवा दमून मेला तर नाही. मग गडी घरी जाऊन नवा घोडा आणेपर्यंत फौजेतून गायब. सुरुवातीला दक्षिणेची घोडदौड सरस होती ती पोरं घोड्यावरच वाढलेली म्हणून, आणि पुढे ती थकली त्याचं एक कारण ही व्यवस्था. उत्तरेला घोडे सरकार पुरवत होतं. ग्रीअर्सनच्या लोकांनी तर वाटेतल्या शेतांवरचे ताजे घोडे नि खेचरं उचलली, थकलेली तिथेच सोडली.

आणि गनिमी कावा म्हणाल तर काय तो! निघाल्यावर चौथ्या दिवशी ग्रीअर्सनने आजारी आणि दमलेले सुमारे १७५ जण निवडले आणि परत पाठवले. सैनिकांनी त्यांना ‘क्विनाइन ब्रिगेड’ नाव ठेवलं. हेतू दुहेरी होता. अशक्त माणसं कमी होतील आणि पाहणाऱ्याला वाटेल की स्वारी परत फिरली. दुसऱ्या दिवशी कर्नल हॅचची आयोवाची रेजिमेंटही वेगळी काढून पूर्वेकडे पाठवली. तिची एक तुकडी मुख्य फौजेच्या टापांचे ठसे पुसत उलटी आली, आणि त्यांच्याजवळच्या एकुलत्या तोफेला चिखलात चार वेगवेगळ्या ठिकाणी वळवून काढलं, म्हणजे चाकोऱ्या मोजणाऱ्याला चार तोफा इथूनच वळल्या असं वाटावं. पाठलाग करणारे हॅचच्या मागे गेले. ग्रीअर्सन जेमतेम साडेनऊशे स्वार घेऊन दक्षिणेला सटकला. पुढे त्याच्या आघाडीला सार्जंट सर्बीचे काही हेर असत, दक्षिणी वेश केलेले. पकडले गेले असते तर त्यांना सरळ फासावर चढवलं असतं.

माझा सगळ्यांत आवडता किस्सा कॅप्टन फोर्ब्सचा, आणि तो चित्रपटात नाही याचं मला आजही वाईट वाटतं. हा गडी ३५ माणसं घेऊन हूल द्यायला बाजूला गेला होता. फिरत फिरत एंटरप्राइज नावाच्या गावाशी पोचला, तर तिथे दक्षिणेची मोठी फौज! पळून जावं तर मागे गोळ्या. त्याने सरळ पांढरा रुमाल फडकावला, पुढे झाला आणि गावाची शरणागती मागितली. समोरच्या कर्नलने विचार करायला एक तास मागितला. फोर्ब्सने उदार मनाने तो दिला आणि त्या तासात आपल्या ३५ जणांसह धूम ठोकली. पुढे मुख्य फौजेला गाठलंसुद्धा.

न्यूटन स्टेशन मात्र चित्रपटात आहे तसं घडलेलं नाही. पडद्यावर आगगाडीतून दक्षिणेचे सैनिक उतरतात आणि एका हाताच्या अधिकाऱ्याच्या मागोमाग रस्त्यावरून धावत येऊन गोळ्यांना सामोरे जातात. प्रत्यक्षात २४ एप्रिलला तिथे अशी लढाई झालीच नाही. स्वार लपून बसले, दोन गाड्या येऊ दिल्या, मग रूळ बदलून त्यांना कोंडलं. एकीत दारूगोळा होता. डबे पेटवल्यावर आतले गोळे फुटायला लागले, तो आवाज ऐकून मागून येणाऱ्या ग्रीअर्सनला वाटलं लढाई जुंपली, म्हणून तो दौडत आला. व्हिक्सबर्गला रसद नेणारा तो लोहमार्ग उखडला, तारा तोडल्या, आणि दुपारपर्यंत सगळे पुढे निघाले. सबंध मोहिमेत त्याचे तीन ठार, सात जखमी. पेंबर्टन या मूठभर स्वारांमागे फौजा पळवत राहिला आणि ३० एप्रिलला ग्रँट नदी ओलांडून आला. ४ जुलैला व्हिक्सबर्ग पडलं.

फोर्डला मात्र रक्त सांडलेलं दाखवायचं होतं, आणि त्या रस्त्यावरच्या कत्तलीनंतर दारूच्या गुत्त्यात बसलेला वेन मला या चित्रपटातला सर्वांत खरा वेन वाटतो.

सैनिकी शाळेच्या मुलांचा प्रसंग विचाराल तर तो खरा आहे, पण दुसरीकडचा. १५ मे १८६४ला व्हर्जिनियात न्यू मार्केटला, तिथल्या सैनिकी संस्थेची सुमारे अडीचशे पोरं लढाईत उतरवली होती. त्यांतली दहा मेली. फोर्डने ती पोरं एक वर्ष अलीकडे, मिसिसिपीत आणली आणि प्रसंगाचा शेवट बदलला. ढोल वाजवत रांगेत येणारी ती चिमुरडी पाहून मार्लो चक्क माघारीचा हुकूम देतो, आणि पकडलेल्या एका पोराला गुडघ्यावर पालथं घालून चार फटके मिळतात. सभागृह हसतं. मीही हसलो होतो. न्यू मार्केटचं वाचल्यापासून मात्र तिथे हसू येत नाही. चित्रीकरण झालं ते मिसिसिपीतल्या जेफरसन कॉलेजच्या आवारात, आणि तेव्हा तिथे खरोखरीची सैनिकी शाळा चालू होती.

तुमच्या डॉक्टरकडे येतो. १ मेला, म्हणजे शेवटच्या आदल्या दिवशी, टिकफॉ नदीवरच्या वॉल्स ब्रिजपाशी लेफ्टनंट कर्नल ब्लॅकबर्न पुलावर धावून गेला आणि जबर जखमी झाला. घोड्यावर बसवून न्यायची सोय नव्हती आणि थांबायला वेळ नव्हता. तेव्हा आयोवाच्या रेजिमेंटचा, पण ग्रीअर्सनबरोबरच राहिलेला सर्जन इरॅस्टस यूल स्वतः म्हणाला की मी यांच्याजवळ राहतो. कैद होणार हे ठाऊक असून तो राहिला. होल्डनचा मेजर केंडल शेवटी नेमकं हेच करतो. गंमत म्हणजे तिथे चित्रपट एक चूकही करतो. केंडलला अँडरसनव्हिलच्या तुरुंगाची धास्ती दाखवलीय, पण जॉर्जियातला तो तुरुंग सुरू झाला फेब्रुवारी १८६४मध्ये. जवळजवळ १३,००० कैदी तिथे मेले हे प्रेक्षकांना माहीत होतं, म्हणून ते नाव घातलं.

शेवट इतका तुटक का वाटतो, असंही तुम्ही विचारलंय. पूल उडतो आणि चित्रपट संपतो, बॅटन रूज दिसतच नाही. त्याचं कारण दुःखद आहे. फ्रेड केनेडी हा फोर्डचा जुना स्टंटमन. घोड्यावरून पडायच्या एका दृश्यात त्याची मान मोडली आणि तो गेला. फोर्डचं मन उडालं. बॅटन रूजमधल्या विजयी प्रवेशाचा शेवट लिहिलेला होता, तो त्याने घेतलाच नाही. लोक म्हणतात त्यामुळे चित्रपट अर्धवट राहिला. मला वाटतं, वाजतगाजत केलेल्या प्रवेशापेक्षा हा पूलच बरा.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाहीत, पण सांगतो. हॅनाची गुलाम दासी लूकी झालेली बाई म्हणजे अल्थिया गिब्सन, १९५७ आणि १९५८ची विम्बल्डन विजेती, ती स्पर्धा जिंकणारी पहिली कृष्णवर्णीय खेळाडू. पटकथेत तिच्या तोंडी मोडकंतोडकं ‘गुलामी’ इंग्रजी घातलं होतं, ते बोलायला तिने नकार दिला आणि फोर्डने बदलून दिलं. तरी भूमिका उरली दासीचीच, आणि वाटेत गोळी लागून मरायची. गुलामगिरीवरून पेटलेल्या युद्धाच्या चित्रपटात गुलामगिरीबद्दल इतकं कमी बोललं जावं हे आज फार खटकतं. एका झोपडीत केंडल कृष्णवर्णीय बाईचं बाळंतपण करतो, तेवढाच काय तो ओलावा. खऱ्या ग्रीअर्सनने मात्र युद्धानंतर कृष्णवर्णीय सैनिकांच्या दहाव्या घोडदळ रेजिमेंटचं बरीच वर्षं नेतृत्व केलं.

परत पाहणार असाल तर ग्रीअर्सनच्या स्वारीची शेवटची सकाळ डोक्यात ठेवून पाहा. आधीच्या २८ तासांत ७६ मैल कापलेले, माणसं खोगिरावरच झोपलेली. बॅटन रूज काही मैलांवर आल्यावर ग्रीअर्सनने सगळ्यांना एका मळ्यावर थांबवलं. माणसं जिथे उतरली तिथेच आडवी झाली. त्यालाही झोप अनावर झाली होती, आणि ती येऊ नये म्हणून तो मळेवाल्याच्या दिवाणखान्यात शिरला, तिथला पियानो उघडला आणि वाजवायला बसला. घरची माणसं पाहतच राहिली. तेवढ्यात शिपाई धावत आला, शत्रू आला म्हणून. ग्रीअर्सन बाहेर गेला तर ते बॅटन रूजचे आपलेच लोक निघाले.