वाचकांचे प्रश्न : एकाच वाळवंटात दुर्बिणी आणि फावडी

प्रश्न : आमच्या वाचनालयात मे महिन्यात ‘नॉस्टॅल्जिया फॉर द लाइट’ हा माहितीपट दाखवायचा आहे. खगोलशास्त्र आणि राजकीय हत्या यांची सांगड ओढूनताणून घातलेली वाटेल का? आणि नंतर किनाऱ्यावरून तिथलं आकाश दिसेल का?
– एक वाचक, वेंगुर्ले

उत्तर : ही सांगड त्या जमिनीतच आहे. पात्रिसिओ गुझमान यांचा हा २०१० सालचा, ९० मिनिटांचा माहितीपट चिलीतल्या अटाकामा वाळवंटातला. पूर्वेला अँडीज ओलावा अडवतो, पश्चिमेच्या थंड सागरी प्रवाहामुळे पाऊस धरत नाही. हवेत बाष्प नाही म्हणून दुर्बिणींना स्वच्छ आकाश मिळतं, आणि त्याच कोरडेपणामुळे पुरलेली हाडं टिकतात. आपल्या जांभ्याच्या आम्लधर्मी मातीत, इतक्या पावसात, ती फार काळ राहिली नसती.

११ सप्टेंबर १९७३ रोजी लष्कराने राष्ट्राध्यक्ष साल्वादोर आयेंदे यांचं सरकार उलथवलं. ऑक्टोबरात अटाकामातल्या कालामा इथे २६ कैद्यांना मारून वाळवंटात पुरलं. पुढे पुरावा राहू नये म्हणून यंत्रांनी खणून मृतदेह हलवले. म्हणून फावडी घेऊन आपल्या माणसांचे अवशेष शोधणाऱ्या बायकांच्या हाती तुकडेच लागतात. एका बहिणीला भावाचं पाऊल मिळालं, गडद लाल मोज्यासकट. इथे मध्यंतर अजिबात घेऊ नका. चाकाबुकोच्या छावणीत कैदी तारे ओळखायला शिकत. ताऱ्यांच्या आधारे पळतील या धास्तीने लष्कराने ते बंद पाडलं. संवाद स्पॅनिश आहेत, तेव्हा एक पानी मराठी गोषवारा आधीच वाटा.

आता आकाश. मेच्या मध्याजवळची अमावास्या धरा. साडेसातला सुरुवात केलीत तर नऊला संपेल, आणि साडेनऊच्या सुमारास त्रिशंकू हा चार ठळक ताऱ्यांचा समूह बरोबर दक्षिणेला असेल. वेंगुर्ल्याहून तो क्षितिजापासून ११ ते १७ अंशांवर दिसतो. हात लांब करून धरलेली मूठ साधारण १० अंश. एवढ्या खाली डोंगराचं टोक किंवा माडाचे शेंडे आड येतात, म्हणून दक्षिण मोकळी असलेली पुळण दिवसाच पाहून ठेवा. उकाड्यात समुद्रावर धूसरपणा असतो. चार ताऱ्यांतला सगळ्यात मंद तारा त्यात हमखास हरवतो. मॅगेलनच्या मेघांचं (दक्षिण आकाशातल्या, ढगासारख्या दिसणाऱ्या दोन छोट्या दीर्घिकांचं) आश्वासन कुणाला देऊ नका. मोठा मेघही इथून जेमतेम ५ अंश वर येतो, तोही मेमध्ये नाही. अगस्त्य हा दक्षिणेचा ठळक तारा पाहायचा तर फेब्रुवारीत रात्री नऊनंतर.

वाचनालयात एसी असेल तर द्विनेत्री (बायनॉक्युलर) अर्धा तास आधी बाहेर काढून ठेवा, नाहीतर खाऱ्या दमट हवेत भिंगांवर लगेच बाष्प धरेल.